निकाल झाकून वाचा : अमेरिकी अध्यक्षीय निवडणुकांवरची जुनी पुस्तकं आणि आजचा मतदार

जुन्या निवडणुकीवरचं पुस्तक हातात घेतलं की एक अडचण पहिल्या पानापासून सोबत असते. शेवट आपल्याला ठाऊक असतो. १९४८ साली ट्रुमन जिंकले, १९६० साली केनेडी जिंकले, १९७२ साली निक्सन जिंकले आणि दोन वर्षांत पायउतार झाले. त्यामुळे मधलं प्रत्येक प्रकरण त्या शेवटाकडेच चाललंय असं वाटत राहतं. मतदाराला मात्र शेवट माहीत नसताना मत द्यायचं असतं. म्हणून ही पुस्तकं निकाल झाकून वाचायची. त्या दिवशी लोकांना काय माहीत होतं, काय नुसतं वाटत होतं आणि ते कोणी त्यांच्या डोक्यात भरलं, एवढंच शोधायचं. अमेरिकेत नागरिकत्व घेतलेल्या आणि पहिल्या-दुसऱ्यांदा मत देणार असलेल्या मराठी मंडळींना याचा थेट उपयोग आहे. पुण्यात किंवा पणजीत बसून ही निवडणूक चवीने पाहणाऱ्यांनाही आहे.

पुस्तकं कोणती घ्यायची

दहा निवडणुकांवरची दहा पुस्तकं घेऊ नका. एकच निवडणूक धरा आणि तिच्यावरची तीन वेगवेगळ्या जातीची पुस्तकं मिळवा. बखर आणि अस्सल कागद यांत फरक करायची सवय मराठी वाचकाला राजवाड्यांच्या काळापासून आहे. तीच इथे कामी येते.

पहिली जात प्रचारचरित्राची. ही शुद्ध बखर. नॅथॅनिएल हॉथॉर्न या कादंबरीकाराने १८५२ साली आपला कॉलेजातला मित्र फ्रँकलिन पिअर्स याचं चरित्र लिहिलं. पिअर्स निवडून आला आणि हॉथॉर्न लिव्हरपूलला वाणिज्यदूत म्हणून गेला. १८६० साली विल्यम डीन हॉवेल्स या २३ वर्षांच्या पत्रकाराने लिंकनचं चरित्र लिहिलं. तो स्वतः स्प्रिंगफील्डला गेलाही नाही, माहिती गोळा करायला दुसऱ्याला पाठवलं. लिंकन जिंकल्यावर हॉवेल्सला व्हेनिसला वाणिज्यदूताची जागा मिळाली. बखरकाराला इनाम मिळण्याची रीत तिकडेही होती म्हणायची. त्यामुळे अशा पुस्तकात पहिली तपासणी ही : लेखकाला पुढे काय मिळालं? गंमत म्हणजे हॉवेल्सच्या पुस्तकाच्या एका प्रतीत लिंकनने स्वतः पेन्सिलीने दुरुस्त्या केल्या होत्या आणि त्या दुरुस्त्यांसह ते पुढे छापलं गेलं. ती आवृत्ती मिळाली तर सोडू नका. उमेदवाराने काय खोडलं आणि काय तसंच राहू दिलं, हे एकाच पानावर दिसतं.

दुसरी जात निवडणुकीनंतर वर्ष-दोन वर्षांत आलेल्या बातमीदाराच्या पुस्तकाची. थिओडोर व्हाइट यांचं १९६० वरचं 'द मेकिंग ऑफ द प्रेसिडेंट १९६०' हे पुस्तक १९६१ साली आलं, त्याला पुलित्झर मिळालं, आणि या प्रकारच्या पुस्तकांचा साचा तिथून पडला. जो मॅकगिनिस यांचं १९६८ च्या टीव्ही प्रचारावरचं पुस्तक १९६९ चं. टिमथी क्राउझ यांचं 'द बॉइज ऑन द बस' १९७३ चं.

तिसरी जात तीस-चाळीस वर्षांनी, कागदपत्रं खुली झाल्यावर इतिहासकाराने लिहिलेल्या पुस्तकाची. १९६० साठी डब्ल्यू. जे. रोराबॉ यांचं २००९ चं पुस्तक घ्या. त्याच्या नावातच व्हाइटना टोला आहे : 'द रियल मेकिंग ऑफ द प्रेसिडेंट'.

एकोणिसाव्या शतकातली प्रचारचरित्रं प्रोजेक्ट गुटेनबर्ग आणि इंटरनेट आर्काइव्हवर फुकट मिळतात. विसाव्या शतकातली बहुतेक अजून हक्कांत आहेत. अमेरिकेत गावच्या वाचनालयात 'इंटरलायब्ररी लोन' मागा, दुसऱ्या गावाहून पुस्तक येतं. जुनी प्रत विकत घेत असाल तर सूची आणि परिशिष्टं शाबूत आहेत ना, ते आधी पाहा. मॅकगिनिसच्या पुस्तकाचा सगळ्यात मोलाचा भाग परिशिष्टातच आहे. निक्सनच्या प्रचारयंत्रणेतली अंतर्गत टिपणं तिथे जशीच्या तशी छापली आहेत. तोच अस्सल कागद.

वाचायचं कसं

एक वही घ्या आणि पानावर चार रकाने पाडा.

१. लेखकाने स्वतः पाहिलेलं
२. कोणीतरी लेखकाला सांगितलेलं
३. मोजलेला आकडा (मतं, पैसे, हजेरी)
४. निकालानंतर सुचलेलं शहाणपण

रोज २५ पानं पुरे. व्हाइटचं पुस्तक ४०० पानांच्या आसपास आहे, म्हणजे अडीच आठवड्यांचं काम. प्रत्येक बैठकीत दहा-बारा नोंदी करा, त्याहून जास्त केल्यात तर चौथ्या दिवशी वही बंद पडेल.

पहिल्या प्रकरणाला हात लावण्याआधी तीन जागा पाहा. प्रकाशनाचं वर्ष, कारण त्यानंतर उघड झालेलं काहीही या पुस्तकात असणार नाही. ऋणनिर्देश, कारण लेखकाला आत कोणी घेतलं ते तिथे कळतं. आणि सूची. दोन्ही उमेदवारांच्या नावापुढे किती पानं लागलीत ते मोजा. एकाला दुसऱ्याच्या दुप्पट जागा असेल तर बहुधा त्या गोटाने लेखकाला जवळ केलं होतं. मॅकगिनिसने आधी निक्सनचे १९६८ चे डेमोक्रॅटिक प्रतिस्पर्धी हम्फ्री यांच्या जाहिरात कंपनीचं दार ठोठावलं होतं. तिथे नकार मिळाला म्हणून तो निक्सनकडे गेला आणि निक्सनच्या माणसांनी त्याला आत घेतलं. त्यामुळे टीव्हीवर माल खपवल्यासारखा उमेदवार खपवण्याचं श्रेय वा पाप एकट्या निक्सनच्या नावावर चढलं. दुसरा गोट काय करत होता, हे त्या पुस्तकातून कळत नाही.

मग मतदानाच्या आदल्या दिवसापर्यंतची प्रकरणं वाचा आणि थांबा. फक्त रकाना १ आणि ३ पाहून अर्धं पान लिहा : या माहितीवर कोण जिंकेल आणि का? प्रामाणिकपणे लिहिलंत तर बहुतेक वेळा 'सांगता येत नाही' असंच उत्तर येईल. हे उत्तर आलं म्हणजे पद्धत जमली. निकालाचं प्रकरण त्यानंतर उघडा.

यात हमखास फसतं ते चौथ्या रकान्यात. 'तेव्हाच चित्र स्पष्ट झालं होतं', 'निर्णायक क्षण', 'अटळ' असे शब्द आले की ती ओळ रकाना चारची, मग ती कितीही सुंदर लिहिलेली असो. व्हाइट फार सुंदर लिहितात. म्हणूनच सांभाळून.

१९६० : एक पूर्ण उदाहरण

या निवडणुकीवर मेहनत घ्यावी, कारण तिच्याबद्दल सगळ्यांना सगळं माहीत आहे असं सगळ्यांना वाटतं.

गोष्ट पहिली : २६ सप्टेंबर १९६० ला शिकागोत पहिला दूरचित्रवाणी वाद झाला, टीव्ही पाहणाऱ्यांना केनेडी जिंकले असं वाटलं आणि रेडिओ ऐकणाऱ्यांना निक्सन. हे वाक्य शेकडो पुस्तकांत सापडेल. वहीत ते कुठल्या रकान्यात जाईल? आकडा म्हणून तिसऱ्यात टाकण्याआधी तो आकडा आला कुठून ते शोधा. शोधत गेलं की एकाच संस्थेच्या एका पाहणीपाशी पोचतो, आणि तिच्यात रेडिओ ऐकणारे तीनशेसुद्धा नव्हते. शिवाय रेडिओवर कोण अवलंबून होतं? ज्या भागात टीव्ही कमी पोचला होता तो भाग बराचसा ग्रामीण आणि प्रोटेस्टंट, म्हणजे कॅथलिक केनेडींकडे आधीच साशंकपणे पाहणारा. आज वादानंतर दहा मिनिटांत 'कोण जिंकलं' असा कौल झळकतो तेव्हा हेच दोन प्रश्न विचारा : किती जणांना विचारलं, आणि ते आधीपासून कोणाचे होते?

गोष्ट दुसरी : शिकागोत गडबड करून केनेडींनी निवडणूक चोरली. इथे कागद-पेन्सिल घ्या. अध्यक्ष ठरतो तो राज्याराज्यांतून निवडलेल्या इलेक्टरांच्या, म्हणजे इलेक्टोरल मतांच्या बहुमताने. त्या वर्षी ही मतं ५३७ होती, कारण अलास्का आणि हवाई नव्याने आले होते आणि जनगणनेनंतरची फेरवाटणी व्हायची होती. बहुमत २६९. केनेडींना ३०३, निक्सनना २१९, आणि १५ मतं व्हर्जिनियाचे सिनेटर हॅरी बर्ड यांना, जे उमेदवारही नव्हते. इलिनॉयची मतं २७ आणि तिथलं अंतर ८,८५८ मतांचं. समजा, इलिनॉय निक्सनकडे गेलं. ३०३ वजा २७, केनेडींकडे २७६ उरतात. तरी केनेडीच अध्यक्ष. निक्सनना जिंकायला टेक्ससची २४ मतंही लागली असती, आणि तिथलं अंतर ४६ हजारांच्या घरात होतं. इलिनॉयमध्ये गैरप्रकार झाले की नाही हा वेगळा प्रश्न. 'त्यामुळे निकाल फिरला' हा दावा मात्र वजाबाकीत टिकत नाही. निवडणूक चोरल्याचा कुठलाही आरोप ऐकलात, कोणत्याही पक्षाचा, तर आधी ही वजाबाकी करायची. कोणतं राज्य, किती अंतर, ते उलटलं तर बेरीज बदलते का?

गोष्ट तिसरी फारशी कोणी सांगत नाही. देशभरातलं मतांचं अंतर सुमारे १ लाख १३ हजार, एकूण मतं ६ कोटी ८८ लाखांच्या आसपास. पण अलाबामात मतदार एकेका इलेक्टरला वेगळं मत देत होते. डेमोक्रॅटिक पक्षाच्या ११ इलेक्टरांपैकी ५ केनेडींना बांधलेले होते आणि ६ मोकळे. त्या ६ जणांनी बर्डना मत दिलं. मग अलाबामातली 'केनेडींची मतं' मोजायची कशी? एका पद्धतीने मोजलं तर देशभरच्या मतांत निक्सनच थोडे पुढे जातात. रकाना तीनमधला आकडासुद्धा कोणीतरी ठरवलेल्या रीतीने मोजलेला असतो, हे यातून कळतं. जुनी आकडेवारी तपासायला नॅशनल आर्काइव्हजच्या संकेतस्थळावर १७८९ पासूनची इलेक्टोरल मतं राज्यवार आहेत.

आणि पुस्तकात जे नाहीच त्याचीही एक ओळ लिहा. केनेडींना ॲडिसनचा आजार (अधिवृक्क ग्रंथींचा गंभीर विकार) होता. प्रचाराच्या काळात त्यांच्या माणसांनी तो नाकारला. वैद्यकीय कागद अभ्यासकाच्या हाती लागले २००२ साली. १९६१ च्या पुस्तकात ते शोधून सापडणार नाही. व्हाइट यांची केनेडी घराण्याशी जवळीक तर इतकी, की हत्येनंतर आठवड्याभरात जॅकलिन केनेडींनी त्यांनाच बोलावून घेतलं आणि 'कॅमलॉट'ची कथा, म्हणजे केनेडींचा काळ हा राजा आर्थरच्या दरबारासारखा सुवर्णकाळ होता ही कथा, त्यांच्याच लेखातून जगभर गेली.

जनमत चाचण्या

इथे पुस्तकापेक्षा अहवाल उपयोगी. १९३६ साली 'लिटररी डायजेस्ट' या साप्ताहिकाने सुमारे १ कोटी लोकांना नमुना मतपत्रिका पाठवल्या, २३ लाखांच्या आसपास परत आल्या, आणि रूझवेल्टचे रिपब्लिकन प्रतिस्पर्धी लँडन जिंकणार असं छापलं. रूझवेल्ट ४८ पैकी ४६ राज्यं जिंकले. नेहमीचं स्पष्टीकरण असं की यादी टेलिफोन आणि मोटारवाल्यांची होती, म्हणजे श्रीमंतांची. ते अर्धंच खरं आहे. चारातल्या तिघांनी उत्तरच दिलं नाही, आणि ज्यांना रूझवेल्टचा राग होता त्यांनी हिरिरीने पोस्टात टाकलं, हे दुसरं अर्ध. जनमत चाचणी घेणाऱ्या जॉर्ज गॅलपने त्याच वर्षी विजेता बरोबर सांगितला म्हणून त्याचं नाव झालं, पण तोही रूझवेल्टच्या मतांत पाचेक टक्क्यांनी चुकला होता. दिशा बरोबर आली की लोक अंतर विसरतात.

१९४८ ला गॅलपने शेवटच्या अंदाजात ड्युईंना ४९.५ आणि ट्रुमनना ४४.५ टक्के दिले. प्रत्यक्षात ट्रुमनना ४९.६ आणि ड्युईंना ४५.१ मिळाले. सोशल सायन्स रिसर्च कौन्सिलने पुढच्याच वर्षी याची चौकशी छापली. मुलाखती फार लवकर थांबवल्या होत्या, आणि 'इतके पुरुष, इतक्या बायका, इतके गरीब' असा कोटा देऊन माणसं निवडायचं काम मुलाखतकारावर सोडलं होतं. २०१६ ची चूक पुन्हा वेगळी. देशपातळीवरच्या चाचण्या ठीकच होत्या, पण काही राज्यांतल्या चाचण्यांत पदवीधर जास्त सापडले आणि त्याची भरपाई केली गेली नाही. मिशिगन, पेनसिल्व्हेनिया आणि विस्कॉन्सिन मिळून ७८ हजारांच्या आसपास मतांनी निकाल ठरला.

तर चाचणी वाचताना : मुलाखतींच्या तारखा, कोणाला विचारलं (सगळे प्रौढ, नोंदणीकृत की मत देण्याची शक्यता असलेले), शिक्षणाचा भार लावला का (म्हणजे पदवीधर जास्त सापडल्याची भरपाई केली का), आणि पैसे कोणाचे. १,००० लोकांच्या नमुन्यात त्रुटीची मर्यादा ३ टक्के लिहिलेली असते, ती एका उमेदवाराच्या टक्केवारीची. दोघांमधल्या अंतराला ती जवळपास दुप्पट लागते. ४ टक्क्यांची आघाडी म्हणजे पुष्कळदा काहीच नाही.

बातमी शिजते कशी

यासाठी १९७२. क्राउझच्या पुस्तकातलं एक दृश्य प्रसिद्ध आहे : वाद संपतो आणि बाकीचे बातमीदार असोसिएटेड प्रेस (एपी) या वृत्तसंस्थेच्या वॉल्टर मिअर्सना विचारतात, बातमीची सुरुवात काय करायची? दुसऱ्या दिवशी सगळ्या पेपरांत तेच, कारण वेगळं लिहिलं की संपादक विचारतो, एपीने असं का लिहिलं नाही. पाच ठिकाणी वाचलं म्हणून पाच जणांनी तपासलं असं धरू नका. आजच्या बातमीत तळाशी मूळ वृत्तसंस्थेचं नाव शोधा, बऱ्याचदा पाचही ठिकाणी एकच निघतं.

त्याच वर्षी न्यू हॅम्पशायरच्या डेमोक्रॅटिक प्रायमरीत (पक्षाचा उमेदवार ठरवण्यासाठी राज्यात होणाऱ्या मतदानात) मस्कींना ४६ टक्के आणि मॅकगव्हर्नना ३७ टक्के मतं पडली. मस्की जिंकले. बातम्यांत मात्र हरल्यासारखेच, कारण 'पन्नासच्या वर जायला हवं होतं' अशी अपेक्षा आधीच पसरली होती. त्याआधी बर्फ पडत असताना भाषणात ते रडले, की गालांवर बर्फ वितळलं, यावरचा घोळ अजून मिटलेला नाही. कोणी 'अपेक्षेपेक्षा कमी' म्हटलं की अपेक्षा कोणाची होती आणि कुठे लिहिली होती, ते विचारा.

हंटर थॉम्पसन यांचं १९७२ वरचं पुस्तक याच्या जोडीला वाचा, पण वहीशिवाय. मस्की इबोगेन नावाचं मादक द्रव्य घेतात अशी अफवा असल्याचं त्यांनी लिहिलं, आणि ती अफवा आपणच उठवली होती असं पुढे हसत सांगितलं. पुस्तक झकास आहे. रकान्यात मात्र त्यातलं काही टाकू नका.

आणि वॉटरगेट? १७ जून १९७२ ची, डेमोक्रॅटिक पक्षाच्या कचेरीतली घरफोडी प्रचारासोबत फिरणाऱ्या बड्या बातमीदारांच्या नाकाखाली होती. तिचा छडा लावायला घेतला तो 'वॉशिंग्टन पोस्ट'च्या शहर विभागातल्या दोन पोरांनी.

नियम बदललेत, ते आधी लिहा

जुन्या पुस्तकातून धडा उचलताना सगळ्यात जास्त चुका इथे होतात. १९६० साली केनेडी वेस्ट व्हर्जिनियाची प्रायमरी लढले ती पक्षाच्या अधिवेशनातले प्रतिनिधी मिळवायला नव्हे. प्रोटेस्टंट राज्यात कॅथलिक माणूस जिंकू शकतो हे पक्षाच्या धन्यांना दाखवायला ते तिथे गेले. १९६८ साली हम्फ्री एकही प्रायमरी न लढता उमेदवार झाले. त्यावरून उसळलेल्या संतापानंतर नियम बदलले आणि १९७२ पासून प्रायमऱ्याच उमेदवार ठरवू लागल्या. म्हणून 'अधिवेशनात ऐनवेळी चमत्कार होईल' हा १९६० च्या आधीच्या पुस्तकांतला धडा आज फारसा लागू पडत नाही.

वहीच्या मागच्या पानावर एवढं असू द्या : १९६५ चा मतदान हक्क कायदा (त्याआधी दक्षिणेतल्या कृष्णवर्णीयांना मोठ्या प्रमाणावर मतापासून दूर ठेवलं जाई); १९७१ पासून मताचं वय १८; १९६४ पासून इलेक्टोरल मतं ५३८ आणि बहुमत २७०; १९७४ नंतर देणग्यांचा हिशेब संघीय निवडणूक आयोगाकडे (त्याआधीच्या पुस्तकांतले पैशांचे आकडे बरेचसे ऐकीव); २०१० मध्ये कंपन्या आणि संघटनांच्या स्वतंत्र प्रचारखर्चावरची बंधनं उठली. आणि आपल्यापुरती एक ओळ : भारतीयांना अमेरिकी नागरिकत्वाचा मार्ग १९४६ च्या कायद्याने खुला झाला आणि मोठ्या संख्येने येणं १९६५ नंतर. व्हाइटच्या १९६० मध्ये 'भारतीय मतदार' नावाचा गट शोधू नका.

'हे अगदी १९६८ सारखं चाललंय' असं कोणी म्हणालं की हेच पान उघडा. सक्तीची लष्करभरती आहे का? १३.५ टक्के मतं आणि ४६ इलेक्टोरल मतं घेणारा वॉलेससारखा तिसरा उमेदवार आहे का? उमेदवार ठरवण्याची पद्धत तीच आहे का? तिन्हींना 'नाही' आलं तर साम्य बहुधा रस्त्यावरच्या छायाचित्रांपुरतंच आहे.

मोजतं कोण

१८७६ ची निवडणूक लोक वगळतात, कारण नावं ओळखीची नसतात. पण मतदाराला सर्वांत व्यवहारी धडा तिथेच आहे. डेमोक्रॅट टिल्डन यांची १८४ इलेक्टोरल मतं पक्की, रिपब्लिकन हेझ यांची १६५, आणि २० वादात : फ्लोरिडा, लुइझियाना, साउथ कॅरोलायना आणि ओरेगॉनचा एक इलेक्टर. दक्षिणेतल्या तिन्ही राज्यांतून परस्परविरोधी प्रमाणपत्रं वॉशिंग्टनला पोचली. १५ जणांच्या आयोगाने दर वेळी ८ विरुद्ध ७ असा कौल दिला आणि हेझ १८५-१८४ ने अध्यक्ष झाले. हे वाचताना उमेदवारांपेक्षा राज्यांतल्या मतमोजणी मंडळांकडे लक्ष द्या : कोणी नेमली, कोणती मतं बाद केली, कोणत्या कारणाने.

त्या गोंधळातून इलेक्टोरल मतं मोजण्याचा १८८७ चा कायदा आला आणि २०२२ मध्ये तो दुरुस्त झाला. आता राज्याचं प्रमाणपत्र कोण देणार हे आधीच ठरलेलं असतं, काँग्रेसमध्ये आक्षेप घ्यायला दोन्ही सभागृहांत प्रत्येकी एक-पंचमांश सदस्य लागतात, आणि उपाध्यक्षाचं काम केवळ औपचारिक असल्याचं स्पष्ट लिहिलं आहे. म्हणून आपल्या राज्यात सेक्रेटरी ऑफ स्टेट (देशाचा परराष्ट्रमंत्री नव्हे, बहुतेक राज्यांत निवडणुका सांभाळणारा राज्याचा अधिकारी) निवडून येतो की नेमला जातो, काउंटीत (आपल्या जिल्ह्यासारख्या विभागात) मतं कोण प्रमाणित करतं, हे पाहून ठेवा. ही नावं मतपत्रिकेवर असली तर अध्यक्षाच्या नावाखाली बरीच खाली असतात आणि बरेच लोक तिथवर पोचतच नाहीत. काउंटीच्या संकेतस्थळावर मतदानाच्या काही आठवडे आधी नमुना मतपत्रिका येते. ती छापून वहीत चिकटवा.

शेवटचं काम मतदानाच्या आदल्या संध्याकाळचं. पुढची अध्यक्षीय निवडणूक ७ नोव्हेंबर २०२८ ला आहे. ६ तारखेला एका कागदावर त्या दिवशी तुम्हाला माहीत असलेलं लिहा, चार रकान्यांत. चौथा रकाना अर्थातच रिकामा राहील. कागद पाकिटात घालून चिकटवा आणि इलेक्टर मतं देतात त्या डिसेंबरच्या मंगळवारनंतर उघडा. तोवर टीव्हीवरचं प्रत्येकजण 'हे होणारच होतं' म्हणत असेल, आणि तुमच्या हातात तुमचाच अस्सल कागद असेल.